उम्म अल हस्समच्या बागेत भाजलेला राब

अब्बा, तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी कागदावर बोलायची ही पहिलीच खेप. शाळा सातवीतच सोडली, तेव्हा अक्षर जसं येईल तसं. दुपारची सुट्टी आहे, साईटवरच्या कंटेनरच्या सावलीत बसलोय.

इथे बहरीनला, उम्म अल हस्सममध्ये, फ्लॅटांच्या मधोमध एक बाग आहे. बाग कसली, मोडके झोपाळे, डबे, पिशव्या नि खाली खारी कडक माती. तीन महिने आम्ही ती नीट करतोय. समोरचा म्हातारा बहरीनी रोज संध्याकाळी स्वतःची खुर्ची घेऊन येतो नि विचारतो, "खलास?" फोरमन म्हणतो, "इंशाल्ला." म्हाताऱ्याची नातवंडं पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून चेंडू खेळतात, म्हणून त्याला घाई.

एका कोपऱ्यातली माती पहारीलाही ऐकेना. गेल्या शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, मी एकटाच आलो. खजुराच्या सुक्या झावळ्या नि गवत पसरलं, वर माती भुरभुरली आणि राब भाजला, भाताच्या रोपांसाठी तुम्ही भाजायचात तसा. तो धूर नाकात गेला नि अब्बा, किती दिवसांनी मला बरं वाटलं. आपल्या शेतात मातीखाली मातीच असते. इथे चार बोटं खाली ठिबकच्या नळ्या होत्या. पुरायला मीच होतो, तरी डोक्यात आलं नाही. शनिवारी पाणी सोडलं तर नळ्या वितळलेल्या, कोपऱ्यात चिखल, नि पुढची कडुनिंबाची सगळी रोपं कोरडी.

फोरमनने ठरवलं की कुणीतरी जळती सिगारेट टाकली. माझ्या खोलीत एक नेपाळी राहतो, आम्ही एकाच भांड्यात जेवतो. नाव त्याचं आलं. त्याचा व्हिसा कॅन्सल करायचा कागद तयार आहे, दोन वाजता इंजिनियर येऊन सही करणार. तो आता माझ्या शेजारी डबा उघडून बसलाय, घास उचलत नाही. मघाशी म्हणाला, "भाई, तू तो जानता है, मैं सिगरेट का टुकड़ा भी डिब्बी में रखता हूँ." मी मान हलवली.

मला तो दिवस आठवतो. राबावर लक्ष ठेवायला तुम्ही मला बसवलं होतंत नि मी खेळायला पळालो. शेजाऱ्याचं कुंपण जळालं. रात्री अम्मी भाकरी वाढत होती, मी म्हणालो, वारा सुटला होता. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. "अगं, वाऱ्याला पण एक भाकरी वाढ," म्हणालात. "कामाला त्यालाच नेऊ उद्या." सकाळी मला नेलंत. तीन दिवस आपण दोघं ते कुंपण बांधत होतो.

इंजिनियरची गाडी आली. पुण्याचा आहे, मराठीत सांगता येईल. राब मी भाजला म्हणून सांगणार आहे, मग मला घरी पाठवोत. ते सोपं आहे. दुसरं सांगायला जीभ वळेल की नाही ठाऊक नाही, म्हणून इथे लिहितो. हा कागद तर कुठे जायचा नाही. फोरमनने सगळ्यांना उभं करून विचारलं होतं, तुमच्यात सिगारेट कोण ओढतं. कुणी बोललं नाही. बोट मी दाखवलं.