केरीच्या समुद्रात बुडवली जाणारी वस्तू गणपती नसल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सागरतळ परवाना कक्ष,
पणजी, गोवा.

अर्जदार : बाबली गोपाळ तारी, रापणकार, केरी, ता. पेडणे.

विषय : खाण कंपनीच्या लोखंडी फलाटाचा दुसरा तुकडा केरीसमोर बुडवण्यास तातडीने स्थगिती मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र, ज्यात मूर्तीची उंची विचारली आहे.

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदार व त्याचे वाड्यावरचे शेजारी मिळून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे, ओढतात. सुर्ल्याच्या नदीकाठचा खनिज भरण्याचा जुना फलाट खाण कंपनीला नकोसा झाला. तो कापून भंगारात काढण्यापेक्षा बार्जवर, म्हणजे मालवाहू सपाट बोटीवर, घालून केरीसमोर सोडणे सोपे, असे ठरले. पहिला तुकडा गेल्या महिन्यात सोडला. पुढच्याच ओढीला रापण त्यात अडकली. माणसे जोर करून ओढत राहिली, दोर एकदम सैल झाला आणि सगळी वाळूत उताणी पडली. अर्धे जाळे अजून खाली आहे.

२. कंपनीच्या जाहीर सूचनेत 'फलाटाचे समुद्रात विसर्जन' असे छापले होते. 'बुडवणे' हा शब्द कंपनीला अशुभ वाटला असावा. परंतु त्यामुळे अर्जदाराची हरकत आपल्या कार्यालयात चतुर्थीच्या टेबलावर गेली. तेथून लेखी विचारणा आली की मूर्ती मातीची की प्लास्टरची, रंग नैसर्गिक आहे का, आणि मंडळाचे अध्यक्ष कोण. अर्जदार समक्ष पणजीला गेला असता टेबलावरील श्री. प्रवीणबाब अत्यंत आदराने म्हणाले, "बाबलीबाब, विसर्जन म्हटल्यार मूर्ती आलीच मरे! मूर्ती नाही तर तुमची हरकत कशाला?" अर्जदार बसने परत आला.

३. तरी कार्यालयाचा मान राखून माहिती कळवण्यात येत आहे. उंची : तीन मजली. साहित्य : लोखंड. रंग : गंज, पूर्णपणे नैसर्गिक. अध्यक्ष : कंपनीस विचारावे. भटजी नव्हता, आरती झाली नाही, आणि 'पुढच्या वर्षी लवकर या' असे कोणीही म्हटले नसताना दुसरा तुकडा याच मोसमात येत आहे.

४. कंपनीचे म्हणणे, या सांगाड्यात मासे वस्तीला येतील. ते माशांचे घरकुल आहे. अर्जदाराचा माशांशी वैयक्तिक आकस नाही. परंतु होडी ठेवण्याच्या झावळ्यांच्या खोपीला एक चिरा लावायचा म्हटला, तर किनारा नियम आड येतात, हे त्याला दरवेळी सांगण्यात आले आहे. समुद्राच्या आत तीन मजले उठवताना हे नियम कुठे जातात, हे समजून घेण्याची त्याची नम्र इच्छा आहे. शिवाय मासे तिथे राहायला गेले, तरी तिथून त्यांना बाहेर बोलावणार कोण? जाळे तर तिथे फाटते.

५. अर्जदाराची पत्नी सौ. शेवंती पेडण्याच्या बाजारात मासळी विकते. हल्ली ती रिकामी पाटी घेऊन परतते. आपले पत्र वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "गणपती असतो तर मोदक तरी गावले असते. ह्या लोखंडाचां काय हुमण करू?" हुमण म्हणजे माशांची आमटी. हा प्रश्न अर्जदार जसाच्या तसा आपल्याकडे पाठवत आहे, कारण घरात त्याचे उत्तर नाही.

६. येत्या शनिवारी सकाळी दुसरा तुकडा येत आहे. तो पडला की केरीपुढे रापण टाकायला जागाच उरत नाही. मग दोर गुंडाळून घरी बसणे आले. करिता स्थगिती मिळावी ही विनंती. कागद वेळेत निघत नसल्यास वाड्यावरची सगळी माणसे होड्या घेऊन नेमक्या त्याच जागी जाऊन थांबणार आहेत, बायकांसह. मग तुकडा सोडायचा तर तो आमच्या डोक्यावरच सोडावा लागेल. तसा हुकूम देणे झाल्यास तो आपण होडीतूनच द्यावा, म्हणून अर्जदाराशेजारी आपल्यासाठी जागा ठेवली आहे. आपणांस बोट लागत असल्यास सकाळी काही न खाता यावे.

किनाऱ्यावर आपली वाट पाहणारा,
नम्र अर्जदार,
(सही)
बाबली गोपाळ तारी
केरी, दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत : फाटक्या रापणीचा तुकडा. पाहून झाल्यावर परत मिळावा; उरलेल्या जाळ्याला ठिगळ लावायला तेवढाच आहे.