बसून म्हणायचं वाक्य

मांगोची,
मंगळवार, १४ मे

प्रिय लिंबानीदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी बरा आहे. सरोवराच्या वाऱ्याने नाक सोलवटलंय, पण चांबो मासा रोज मिळतो, तेव्हा तक्रार नाही. मिनिबसवर प्रवाशांना हाका मारायचं काम सोडलं. हॉटेलात वेटर व्हायचं तर इंग्रजी पाहिजे, म्हणून सकाळी चर्चच्या हॉलमधल्या वर्गाला जातो.

तिथल्या फिरीबाईंची तऱ्हा न्यारी. करण्याची क्रियापदं उभं राहून, करून दाखवत म्हणायची. ‘पोहतो’ म्हणताना मी असे हात मारले, की पुढच्याची टोपी उडाली. नुसत्या असण्याची क्रियापदं मात्र बसून, हात मांडीवर ठेवून: आवडतं, ठाऊक आहे, मला आहे. बाई म्हणतात, "ती करायची नसतात रे, ती असतात. हलू नकोस." मी हलतोच.

वाक्य खरं असलंच पाहिजे, आणि एकाने म्हटलं की सगळ्या वर्गाने ते मोठ्याने म्हणायचं. आज मी म्हटलं, मला आई आहे. अख्खा वर्ग ओरडला, याला आई आहे.

शेजारी आपल्या गावची झिओने बसते. रविवारीच गावाहून आली. मक्याचं, तुझ्या नव्या छपराचं, सगळं सांगून झालं होतं. पण वर्ग ओरडला तेव्हा तिचं तोंड मिटलेलं. "काय गं, जीभ गावालाच विसरलीस?" बाई म्हणाल्या. सगळे हसले. झिओने मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. तिला ठाऊक होतं, आणि ती जराही हलत नव्हती.

बाहेर तिला गाठलं. म्हणाली, "मला नको विचारूस, भावा. सांगायचं ते तुझा दादा सांगेल."

दादा, तू फोनवर सारखं म्हणतोस, आईला बरं नाही, येऊन जा. मी म्हणतो, येतो. आपल्याकडे लांबच्या माणसाला असंच सांगतात, तो वाटेत कोसळू नये म्हणून. मामा गेला तेव्हा मावशीला मीच कळवलं होतं, मामाला ताप आहे, ये. ती त्याच्यासाठी संत्री घेऊन आली होती.

फोनवर विचारत नाही. तू पुन्हा तेच सांगशील आणि मी पुन्हा मानेन. ही चिठ्ठी आपल्या गावाकडे, कासुंगूला जाणाऱ्या बसवाल्याकडे देतोय, त्याच्या मागच्या बसने मी निघतो. बाजारात संत्र्यांपाशी उभा राहिलो. घ्यावी की नको, कळेना. घेतली.

मी आलो की काही बोलू नकोस. आई असली तर पिशवी तिच्या हातात जाऊ दे. नसली तर तू माझ्या हातातून काढून घे.

आईला नमस्कार. लिहिलाय, खोडत नाही.

तुझा
यांखो