गच्चीवरच्या अक्षता

६ जानेवारी, सोमवार
दुकान उघडायला गेले तर टिळकवाडीच्या सुनंदाआक्का पायरीवर बसलेल्या. बेळगावहून पहिल्या गाडीनं निपाणीला. शाळेत शिकवतात, त्यामुळे मलाही वर्गातल्या पोरीसारखंच विचारलं, "मंगल, ही पेनड्राइव्ह तूच करून दिलीस न्हवं?"
मीच. चार वर्षांपूर्वी, त्यांच्या लग्नाच्या कॅसेटवरून. शूटिंग आमच्या अण्णाचं, तेव्हा बाप लग्नं शूट करायचा.
"यात माझी आई न्हाय."
मला आधी रागच आला. कॅसेटमध्ये असेल तेच येणार, मी काय माणसं गाळून देते का?
मग त्यांनी सांगितलं. आई विधवा. लग्न चिकोडीकडच्या माहेरी, घरापुढच्या मांडवात. विधवा बाईनं अक्षतांना मांडवात थांबायचं नाही, म्हणून ती खाली नव्हती. नंतर सारखी म्हणायची, "मी गच्चीवर होते गं, सगळं बघितलं." आक्कांना ते खरं वाटलं नाही. गोठ्यात बसून रडली असेल, असंच त्यांच्या मनात. घरात व्हीसीआर नव्हता, कॅसेट कुणी बघितलीच नाही. पेनड्राइव्ह आल्यावर आईला टीव्हीपुढं बसवून विचारलं, "दाखव, कुठं हायस तू?" आई म्हणाली, "नसंल बाई." पुन्हा तो विषय नाही. परवा दिवाळीत गेली. तेराव्याला मावशी म्हणाली, मी होते की तिच्याबरोबर गच्चीवर.
आक्का रडल्या नाहीत. पेनड्राइव्ह ठेवून जा म्हटलं.

७ जाने., मंगळ.
चार वेळा बघितलं. मांडवाला कापड नव्हतं, नुसते खांब आणि तोरणं, मागं घर. गच्चीचा कठडा दिसतो, तोही निम्माच. मंगलाष्टकं चालू. माणसं समोरून अक्षता टाकतायत. आणि एक मूठ येते थेट वरून, चित्राच्या काठातून. थोड्या वेळानं अजून एक. टाकणारं कुणी दिसत नाही.
काम माझंच. जुनं चित्र चौकोनी, आताचा टीव्ही लांबडा. चित्र आहे तसं ठेवलं की दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात, मग गिऱ्हाईक भांडायला येतं, एवढा मोठा टीव्ही घेतला न्‌ चित्र आखूड? वैतागून मी एकदाच सेटिंग करून टाकली. चित्र मोठं करायचं, पट्टे भरायचे, वरचं-खालचं उरेल ते कापायचं. वर काय असतंय, आभाळ. खाली काय, चपला. असं मी धरून चालले. सगळ्यांना तसंच दिलं.
कापलेलं परत येत नाही. चित्र बाजूंनी आवळून पाहिलं, नवरा-नवरी काठीसारखी झाली, आई कुठून येणार. मूळ फाइल जागा करायला पुसलेली. आता कॅसेटच पाहिजे.
अण्णाला सांगितलं. मोतीबिंदूनं डोळे गेल्यातच जमा, पण शूटिंग सगळं आठवतं. "डोक्यावर जागा सोडायचो मी, ती तुला कापायला न्हवं." मग म्हणाला, "ती बाई कॅमेरा वर केला की मागं सरायची. म्हणून मी कॅमेरा वर केलाच न्हाय. काठाला धरली तिला, कळू न देता."
रात्री भाकरी अर्धीच खाल्ली त्यानं.

९, गुरु.
आक्कांचा फोन. कॅसेट माहेरी भावाकडं. भावाला विचारलं तर रानात, शाळवात हाय म्हणाला. पाखरं भेवडवायला फीत बांधलीय. "पेनड्राइव्ह आलीय की. ती कशाला ठिवायची?"
आमच्या मिरचीतही फीतच फडफडते.

१२, रवि.
आधार कार्ड दाखवून बायकांना फुकट असलेली चिकोडीची बस, पुढं आक्कांच्या भावाची मोटारसायकल; आक्का आदल्या रात्रीच तिथं आलेल्या. शाळू कणसाला आलेला. काठीपासून काठीपर्यंत काळी फीत, वाऱ्यानं घुमते. आक्कांचं लग्न शेतभर. बांधून तीन आठवडे झालेले, ऊन, दव.
कॅसेटचं खोकं खोपीत. निम्मी फीत आत शिल्लक. मी परत देताना कॅसेट पहिल्यापासून गुंडाळून देते, अण्णाची शिस्त. म्हणजे सुरुवातीची हळद वगैरे रानात गेली. अक्षता रानात की खोक्यात, सांगता येईना.
भाऊ फीत सोडवत होता, मान वर नाही. "मला काय म्हाईत आक्का, त्यात आई हाय म्हणून." आक्का म्हणाल्या, "मला तरी कुठं म्हाईत होतं रं."
आक्कांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी दुसऱ्या काठीकडं गेले.

१५, बुध.
संक्रांत कधी आली न्‌ गेली. अण्णा आणि मी फीत पुसतोय, मऊ फडक्यानं, हातभर हातभर. हात त्याचे, डोळे माझे. प्रत्येक काठीला गाठ होती, तिथं कापून जोडायचं.
खोक्यातलं आधी लावून बघितलं. पाचव्या मंगलाष्टकापासून सुरू होतं, मागं कठडा रिकामा. म्हणजे आई रानातल्या तुकड्यात, शेवटच्या एकदोन काठ्यांवर. अण्णाला चहा करून दिला.

१८, शनि.
आक्का आल्या. व्हीसीआर दोनदा अडकला, तिसऱ्यांदा चालला. चित्र पुरं ठेवलं, पट्ट्यांसकट.
गच्ची पुरी दिसली. मावशी रंगीत लुगड्यात, आक्कांनी लगेच ओळखली. शेजारी फिकट लुगडं. चेहऱ्यावर नेमकी गाठीची घडी, पांढऱ्या रेघा. हात मात्र स्वच्छ. वर गेला, मूठ उघडली.
"डावा हात," आक्का म्हणाल्या. "आई डावरी. बाबा होते तवा हळदीकुंकू डाव्या हातानं देती म्हणून बोलणी खायची. आईच हाय."
पदर तोंडाला लावला. "मी तिला खोटं पाडलं गं मंगल. टीव्हीपुढं बसवून."
मी म्हटलं, आक्का, तुम्ही न्हवं, मी पाडलं. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. परत लाव म्हणाल्या. लावलं.

२१, मंगळ.
जुनी वही काढली, कॅसेटी दिलेल्या लोकांची. पहिला फोन खानापूरला लावला. "हाय वाटतं माळ्यावर. का वो?" का ते सगळं सांगितलं. उद्या पुढची नावं.
अण्णा म्हणतो ती घडी अजून एकदा पुसू, चेहरा येईल. फीत तिथं झिजलीय, तुटली तर चेहरा कायमचा गेला. हात दिसतो तेवढी फाइल करून आक्कांना दिलीय. आक्कांना विचारायला फोन केला. मागं मंगलाष्टकं चालू होती, टीव्हीवर.
"घाई करू नगंस," म्हणाल्या. "आत्ता तर आलीय ती."