चौकोन खोडायचा नाही

३ जून
लागली एकदाची नोकरी. गणिताची आणि रसायनशास्त्राची पुस्तकं टाइप करून देणारं ऑफिस. तीन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा. मालकीणबाई मोजकं बोलतात, प्रूफं तपासणारे काका त्यांच्या वाट्याचंही बोलतात. घरी येऊन लेकीला दाखवलं, ऑल्ट धरून आकड्यांवर ०१७६ दाबलं की ° कसं उमटतं ते. गालात घास साठवते म्हणून आम्ही तिला खारू म्हणतो. खारू म्हणाली, आई जादूच्या नोकरीला जाते. हे म्हणाले, जादूला पगार वेळेवर मिळाला म्हणजे झालं. रोजनिशी फोनवरच लिहायची ठरवली आहे, कारण वही दिसली की हे वाचतात.

५ जून
दिवसभर वर्गमुळं. मानेचं लाकूड झालं. काकांनी शॉर्टकट शिकवले: ‘वमू’ लिहून स्पेस दिली की √ हजर. फॉन्टमध्ये चिन्ह नसलं की रिकामा चौकोन दिसतो, हे मला ठाऊक होतं. पण इथे म्हणे तो कधीकधी माणसाच्या नावाच्या जागी येतो. तेव्हा तो खोडायचा नाही. उठायचं, आणि त्या माणसाला ओळखणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी बसवून नाव टाइप करून घ्यायचं. मी हसले, काका हसले नाहीत. प्रत्येक ऑफिसचं एक खूळ असतं.

९ जून
काम संपता संपत नाही. ऑफिसचं खातं माझ्या फोनवर घेतलं, सगळे शॉर्टकट आपोआप आले. बाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या. एका हाताने भाजी ढवळत दुसऱ्या हाताने समीकरणांतले बाण टाइप केले. खारू गोष्ट सांग म्हणून मागे लागली होती. पुस्तक संपू दे, म्हटलं. माझं मलाच वाईट वाटलं.

१२ जून
शेवटच्या पानावर, प्रूफं तपासणाऱ्याचं नाव छापतात तिथे, काकांच्या नावाच्या जागी चौकोन. पान तातडीने पाठवायचं, बाई बाहेर, काका जेवायला गेलेले. कुणाची वाट बघत बसू? खोडला. नाव लिहायला गेले तर आठवेना. दमलं की असं होतं.

१३ जून
काकांच्या टेबलावर रद्दी रचलेली. शेजारच्या टेबलावरची म्हणते, कोण काका? बाईंनाही आठवत नाहीत, पण माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, खोडलंस का. म्हणाल्या, चौकोन आहे तोवर माणूस परत येऊ शकतं. त्यांच्याही हातून एक गेलं आहे. कोण, ते दोन-चार रात्रींच्या झोपेत पुसलं गेलं, नियम तेवढा राहिला.
ऑफिसचं खातं फोनवरून काढून टाकलं. शॉर्टकट जात नाहीत.

१६ जून
सकाळी □ ला शाळेत सोडताना —
मी हे लिहिलेलं नाही. मी नाव लिहिलं. पुन्हा लिहिते — □ — पुन्हा — □
हात लावायचा नाही. यांच्याकडून टाइप करून घेते.

१६ जून, संध्याकाळ
यांना म्हटलं, आपल्या मुलीचं नाव टाइप करा. हे म्हणाले, कुठली मुलगी? थट्टा करत नव्हते. मी नाव सांगितलं, त्यांनी टाइप केलं, चौकोनच उमटला. ओळखणारं माणूस हवं. माझ्या आईला फोन केला, ती रडायला लागली — मला बरं नाही असं वाटलं तिला. शाळेत तर दारातच अडवलं.
मला फार भीती वाटते आहे.

१७ जून
झोपायचं नाही. झोपले तर विसरेन. सावळी. समोरचा दात पडलेला. झोपताना माझा कान धरते. □ □ नाव तोंडाशी येतं, बोटात —
दमले. किती दमले —

१८ जून
डोळा लागला. अंग हलकं झालंय. हे म्हणाले, बघ, जरा झोपलीस तर किती बरं वाटलं.
मागचं वाचायचा कंटाळा आला. पण मध्येच हे चौकोन कसले? आतल्या खोलीतून कुणी आई म्हटल्यासारखं — शेजारचं पोर असेल. हे एवढे खोडून टाकते आणि मग —