बिनबुडबुड्याचे मावळे

१४ जून २००४, सोमवार
सिमेंटच्या दुकानात फुकट मिळालेली डायरी सहा महिने कोरी पडली होती. आजपासून रोज लिहिणार. कारागिरानं नोंद ठेवली पाहिजे.

नोंद अशी की भोरात शफी पेंटर ऊर्फ मी रेझिनचे चार इंची मावळे ओततो आणि त्यात एकही खोट नसते. पुण्याचा माल पाहिलाय. नाकाच्या शेंड्याला बुडबुड्याचं भोक, बोटं अर्धवट, दोन्ही कुशींना साच्याच्या सांध्याची रेघ. माझंही सुरुवातीला तसंच व्हायचं. गेल्या वर्षापासून बंद. संध्याकाळी साच्यातून काढून फळीवर ठेवतो (ताज्या मालाला बोट लावायचं नाही, हा नियम), सकाळी हात फिरवला की गुळगुळीत. हात बसलाय, दुसरं काय.

माझी पोरगी अम्रीन फक्त साबणाच्या पाण्यानं धुते.

२१ जून
चाळीसचा बल्ब काढून शंभरचा लावला. काही फरक नाही. हल्ली बल्बच तसले येतात. पेपरवालेही शाई वाचवायला लागलेत, बातम्या सगळ्या करड्या.

अम्रीन म्हणाली, पुण्याला जाऊन डोळे दाखवू. मी सांगितलं, चष्मा २००१ मध्येच बदललाय. मग साखरेची गोळी घेतली का, पाय सुन्न होतात का, हे सुरू. पोरीला नर्सिंग शिकवलं ही चूक झाली. घरात पेशंट शोधत बसते. शेजारच्या सगुणाबाईंनीही तिचीच री ओढली. त्यांना स्वतःला सुईत दोरा ओवता येत नाही.

संकल्प : उद्यापासून चहात साखर अर्धी.

२२ जून
चहा नीट लागला नाही. उद्यापासून.

३० जून
अम्रीनला नेमणुकीचं पत्र आलं. सरकारी दवाखाना, कोकणात. दोन वर्षं वाट बघत होती. मी शेवयांची खीर केली. जेवताना म्हणाली की ती जाणार नाही, तिकडं लई दमट असतं. मुदत वाढवून मागते म्हणाली, बघू.

पोरीला माझ्याशिवाय करमणार नाही, हे मला ठाऊक होतं. तिची आई गेल्यापासून मीच आई नि मीच बाप. मी तिला समजावलं की मी एकटा राहू शकतो. ती ऐकेना. फार आग्रह केला नाही. खीर दोन वाट्या खाल्ली.

१७ जुलै
रेझिन चिकट राहिलं. हवा.

१८ जुलै
हवाच.

९ ऑगस्ट
वेल्ह्याला जायला निघालो आणि वरंध घाटाच्या तोंडाशी पोचलो. यष्टी महाडची होती. चूक माझी नाही. तीस वर्षं पाट्या रंगवल्या आहेत म्हणून सांगतो, बसच्या पाटीवर अक्षराला पोट पाहिजे, उंची पाहिजे. हा रंगवणारा नुसता ब्रश पुसून गेला होता. कंडक्टरला तसं सांगितलं. त्यानं मला हाताला धरून खाली उतरवलं. अदबीचा माणूस. माझं वय त्यानं साठीच्या पुढं धरलं असणार.

परत येताना चार तास पावसात. अम्रीननं पाय पुसून दिले, बोटांच्या मधून बघितलं.

५ सप्टेंबर
मोठं काम आलं.

गुंजवण्याचा कुंडलिक, राजगडाच्या पायथ्याला त्याचं चहाचं हॉटेल. गडावर जाणारी पोरं त्याच्याकडून माझे मावळे नेतात. त्याची भातखाचरं धरणात गेली, आता घरही जाणार. दुसरीकडं प्लॉट मिळालाय. त्याची आई, रतनबाई, तिकडं जायला तयार नाही. म्हणते, धन्याला हितंच सोडून कशी येऊ. धनी म्हणजे गेनबा, वारून नऊ वर्षं झाली. त्यांच्या हातचं घर सोडणं म्हणजे त्यांनाच सोडणं, असं तिच्या मनानं घेतलंय. कुंडलिकानं विचारलं, शफीभाई, बापाची छोटी मूर्ती होईल का, म्हातारी ती हातात धरून तरी यील.

मी म्हणालो, का नाही होणार.

पितृपंधरवड्यात गेनबांची तिथी, सहा ऑक्टोबर. तोवर पाहिजे.

१२ सप्टेंबर
गेनबांचा एकच फोटो, मतदार ओळखपत्राचा, नखाएवढा. मातीचा नमुना केला. छोटी छोटी कामं अम्रीनला दिली. नाक, डोळे, ओठ, कान, मुंडाशाचे पीळ. बाकी सगळं मी.

कुंडलिक बघून गेला. बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, बोलतंय आता. माझा हात अजून तसाच आहे.

२८ सप्टेंबर
अम्रीन दहा दिवस पुण्याला गेली, ट्रेनिंग. साचा तयार आहे. जाताना तीनदा बजावलं की ओतू नका, मी नऊला येते, मग ओतू. मी म्हणालो, तिथी सहाला आहे. म्हणाली, कुंडलिककाकांशी मी बोलते, पाच-सहा दिवस उशीर झाला तर चालेल.

चालेल कसं. तिथी ती तिथी. हो म्हणालो.

३ ऑक्टोबर
ओतलं. दाबून बांधला साचा, टिचक्या मारल्या, तारेनं टोचून हवा काढली. सगळं नेहमीसारखं.

४ ऑक्टोबर
काढली मूर्ती. फळीवर ठेवली. लांबून बघितली तरी डौल कळतो. साबणाच्या पाण्यात मीच बुडवून काढली, बोट न लावता; दुसरं काही काम उरलंच नव्हतं.

५ ऑक्टोबर
रंग दिला. मुंडासं पांढरं, बंडी पांढरी, चेहरा सावळा. उद्या पहिल्या यष्टीनं. ड्रायव्हरला विचारून चढायचं, पाटीवर विश्वास नाही.

६ ऑक्टोबर, रात्री
लिहू नये असं वाटतं, पण नोंद ठेवायची म्हटलं आहे.

गुंजवण्यात कुंडलिकाच्या घरी भाऊबंद जमले होते. केळीच्या पानावर नैवेद्य मांडलेला. मी फडकं सोडून मूर्ती रतनबाईंच्या हातात दिली. सगळे बघायला वाकले आणि कोणीच काही बोलेना. मला वाटलं, भारावले.

रतनबाईंनी अंगठा मूर्तीच्या तोंडावरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग लेकाला विचारलं, "कुंडलिका, ह्यांना देवी कवा आल्या हुत्या रं?"

कुंडलिक म्हणाला, न्हाई आल्या, आये.

"मग तोंडावर ह्ये वण कशाचं? आन नाक?"

मी मूर्ती मागून घेतली. उजेडाकडे धरली. मला तर गेनबा दिसत होते, सावळे, मुंडासं बांधलेले. तसं सांगितलंही. मग बोट लावलं. गालावर भोकं. हनुवटीवर भोकं. नाकाचा शेंडाच नाही, तिथं बुडबुडा फुटून खळगा झालेला. साच्याचे दोन भाग सरकले होते, कानापासून कानापर्यंत पायरी. मी बोट काढीना. बोट खोटं बोलत असेल असं वाटत राहिलं.

रतनबाईंनी मूर्ती परत घेतली आणि पदरात झाकली. मला म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमी तरी काय करचाल." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

जेवायला बसवलं.

कुंडलिक यष्टीपर्यंत आला. मी रेझिनची बॅच खराब निघाली असं सांगत होतो. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शफीभाई, तुमचा सगळाच माल असा निघतो. पोरगी भोकं बुजवती. वरीस झालं. अब्बाला सांगू नका म्हणली हुती."

७ ऑक्टोबर
अम्रीनच्या पलंगाखाली बिस्किटाचा डबा सापडला. चाचपून बघितलं. पुट्टीच्या पुड्या. तीन सुया, एक बारीक पातं. पॉलिश पेपरचे तुकडे, नखाएवढे, गुळगुळीत झालेले. तुटक्या बोटांसाठी तारेचे तुकडे.

म्हणजे रोज. मी पहाटे नमाजाला जायचो तेव्हा, किंवा मी झोपल्यावर.

एक शक्यता अशीही आहे की ती थोडंफारच करत असेल आणि कुंडलिक वाढवून सांगत असेल.

८ ऑक्टोबर
तशी शक्यता नाही.

९ ऑक्टोबर
अम्रीन आली. डबा मी टेबलावर ठेवला होता. तिनं बॅग खाली ठेवली आणि मूर्ती दिली का एवढंच विचारलं. मी मान हलवली. ती खुर्चीत बसली.

सांगितलं का नाहीस, असं विचारलं. म्हणाली की तीनदा सांगितलं होतं डोळ्यांचं, पण तुमी बल्ब बदलला, चष्मा पुसला, शेवटी सगळा दोष पेपरवाल्यांवर घातला. आवाज चढवला नाही. पेशंटशी बोलते तशी बोलत होती.

मग मी विचारलं, कोकणातली नोकरी दमट हवेसाठीच सोडली ना. उत्तर मला ठाऊक होतं. तरी विचारलं. कोणीतरी हो म्हणावं म्हणून.

म्हणाली, "अब्बा, मी गेल्यावर तुमचं मावळं कोण नीट करणार हुतं? तुमी मोडला असता."

मग तिनं माझी साखर तपासली. आकडा सांगितला नाही.

१३ ऑक्टोबर
पुण्याला डोळ्यांचे डॉक्टर. डाव्या डोळ्याचा पडदा साखरेनं गेला. उजवा अर्धा आहे, लेसर मारला तर आहे तेवढा टिकेल. वाढणार नाही. वर्षभर आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. वर्षभर आधी मी बिनबुडबुड्याचा कारागीर झालो होतो.

रोजे धरायचे नाहीत असंही म्हणाले.

२० ऑक्टोबर
अम्रीननं गुंजवण्याहून मूर्ती मागवली. रतनबाई देत नव्हत्या, आठ दिवसांत परत देईन म्हणून कुंडलिकानं शब्द दिला तेव्हा सोडली.

आज दिवसभर आम्ही दोघं खिडकीत बसलो. तिला म्हणालो, काय करतेस ते सांगत जा. ती सांगत गेली. रंग खरवडला. आता गालावरची भोकं सुईनं मोठी करतेय, तोंड लहान असलं की पुट्टी आत जात नाही. आता भरतेय. आता कानामागची पायरी घासतेय, कोरडं नाही, पाणी लावून. मी तीस वर्षं कारागीर आहे आणि हे मला ती सांगत होती. नाक मात्र तिनं माझ्या बोटांना करू दिलं. पुट्टीचा दाणा, वर चिमूट. बसकं करा, म्हणाली. केलं.

नंतर तिनं ते पुन्हा केलं असणार. विचारलं नाही.

२६ ऑक्टोबर
मूर्ती पोचली. रतनबाई एवढंच म्हणाल्या की आता झालं, कवा निघायचं सांगा. अम्रीननं निरोप आणला.

नोकरीवर हजर व्हायची वाढवून मिळालेली मुदत एकतीसपर्यंत. तिला म्हणालो, जा. ती म्हणाली, तुमचं कसं होणार. माझ्याकडे योजना तयार होती : सकाळी चालणं, गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे, साखर बंद, साचे विकून टाकायचे, कुराण ऐकायचं, सगुणाबाईंकडून पेपर वाचून घ्यायचा. बोटांवर मोजून दाखवलं. तिनं ऐकलं आणि रडली. योजना चांगली होती.

३० ऑक्टोबर
गेली. पेटी मी उचलायला गेलो, तिनं उचलू दिली. यष्टी वळणावरून दिसेनाशी झाली म्हणतात तसं काही नाही, मला ती पहिल्यापासूनच दिसत नव्हती. आवाज गेला तेव्हा घरी आलो.

२ नोव्हेंबर
चाललो नाही. साचे विकले नाहीत.

७ नोव्हेंबर
आता स्केचपेननं लिहितो. पानावर सहा ओळी बसतात.

एक मावळा ओतला. एकच. मग पाच दिवस बोटानं भोकं शोधून सुईनं मोठी करून भरली, पाणी लावून घासलं. आज हात फिरवला, गुळगुळीत वाटला. पण माझ्या हातावर माझा विश्वास उरला नाही. सगुणाबाईंना बोलावलं. सांगितलं, भीड धरू नका, खरं सांगा.

त्यांनी मावळा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, फिरवून बघितला. म्हणाल्या, "ब्येस झालाय." रेघ राहिली का विचारलं. म्हणाल्या, कुठंच न्हाई. मी सहज म्हणालो, तलवार वाकली तर नाही ना.

म्हणाल्या, न्हाई, सरळ हाय की.

तो तुतारीवाला आहे. त्याच्याकडे तलवार नाही.

सगुणाबाईंना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि चहा टाकला.