तळ्यात बदकं

१० ऑगस्ट १९४२
मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडमध्ये पहिला दिवस. दार अजून लांब होतं, तेवढ्यात आतून म्हातारा पर्सी ओरडला, "तळ्यात बदकं!" बाई येताना दिसली की ही आरोळी. म्हणजे शिव्या गिळा, शर्ट चढवा. नवरा, क्लॅरी, होता तेव्हा त्याचा डबा घेऊन यायचे, आरोळी ऐकली की बाहेरच थांबायचे. आज आत गेले. सगळी यंत्रं बंद!
"शेडात बाई म्हणजे अपशकुन, मर्टल," पर्सी म्हणाला.
"तो टोब्रुकच्या लढाईत क्लॅरी पडला तेव्हाच होऊन गेला. झाडू कुठाय?"

२ सप्टेंबर
झाडू सुटला, टेबल मिळालं. पर्सीचा मुलगा लिंडसे उभा राहायचा तेच. तो मलायात, जपान्यांच्या कैदेत. कातरलेली लोकर पसरायची, कडेची घाण तोडायची. लोकरीच्या तेलाने तळवे मऊ पडलेत. क्लॅरीचे असेच असायचे. घरी येऊन हात धुतले नाहीत. वास घेत बसले.

१९ ऑगस्ट १९४३
मेंढीने लाथ झाडली, पर्सीने माझ्यादेखत शिवी हासडली!
"चुकलं का, मर्टल?"
"मेंढीचं चुकलं."
सगळे हसले. आरोळी कधी बंद झाली, कळलंही नाही.

२४ ऑगस्ट १९४४
चहाच्या वेळी पेपर वाचून दाखवते. जॅमच्या डब्यांवरची अक्षरं जुळवत शिकलेलं वाचन, अजून अडखळते. पर्सी रोज एकच विचारतो — "लिंडसे?"
"नाही."

१६ ऑगस्ट १९४५
संपलं युद्ध! गावात नाचतायत. मी लवकर घरी आले.
निघताना मालक म्हणाले, "आता विश्रांती घ्या, मिसेस डोयल. आमच्या स्वयंपाकघरात हात लागतोच."
"मला टेबल येतं."
"येतं हो. पण पोरं परत येतील ना!"
पर्सी मध्ये पडला — "टेबल दोघांना पुरेल, मालक."
स्वयंपाकघरात मी मरून जाईन.

८ ऑगस्ट १९४६
लिंडसे कामावर आला. नुसती हाडं. टेबलाची उजेडाची बाजू त्याला दिली. मला बघून त्याने गळ्यापर्यंत बटणं लावली. पर्सी त्याच्या बटणांकडे बघत राहिला.

१२ ऑगस्ट
सकाळी टेबलापाशी होते. आरोळी आली — "तळ्यात बदकं!" पर्सीचा आवाज. यंत्रं थांबली. कोण बाई आली म्हणून मी दाराबाहेर बघितलं.
वाटेवर कुणीच नव्हतं. वळले तर सगळे माझ्याकडेच बघत होते.