गाडीमागचा मका

प्रिय इमेल्दा,

तुझा जाडजूड लिफाफा मिळाला. आत तीन पानांचा करारनामा, आणि सही कुठे करायची तिथे तू पिवळी चिठ्ठी चिकटवली आहेस, जणू तुझ्या आईला सहीची जागाही दिसत नाही! हे रँच वीस वर्षांसाठी ह्यूस्टनच्या त्या शिकार कंपनीला द्यायचं आणि मी सॅन अँटोनिओला तुमच्या गल्लीतल्या फ्लॅटमध्ये येऊन राहायचं, असंच ना? दोनदा वाचलं. उत्तर देणार आहे, पण आधी माझी बातमी ऐक. मी पिकअपला फीडर बसवला. मागून हरणांसाठी मका फेकणारा, आणि बटण आत, माझ्या हाताशी.

हेब्रनव्हिलच्या दुकानात मी एकटीच गेले होते. दुकानदाराने आधी सगळ्यात मोठा दाखवला, पिकअपचा अख्खा हौदा व्यापणारा. म्हणाला, "बाई, एकदा भरा की आठवडाभर बघायला नको." मी विचारलं, हा उतरवायचा कोणी? म्हणाला, "घरात कुणी पुरुषमाणूस असेलच की." म्हटलं, "होता. आता चर्चच्या मागे झोपलाय, उठवून आणू का?" त्यानंतर मात्र तो नीट बोलायला लागला. दुसरा फीडर मागच्या फळीवर लटकणारा होता, हलका, पण खड्ड्यात फळीच मोडायची. तिसरा मी घेतला. ट्रेलर जोडायची चौकोनी पोकळ नळी असते ना, तिच्यात याचा दांडा सरकवायचा आणि खीळ घालायची. अडीच पोती मका मावतो. दुकानातली माणसं पोती हौद्यात टाकून देतात, मी हौद्यातच बसते आणि कॉफीच्या डब्याने फीडरचं पोट भरते. वेळ लागतो, पण मला कुठे गाडी पकडायची आहे?

बसवताना तुझा धर्मपिता चोन नाक खुपसायला आलाच. तुझ्या बाप्तिस्म्यापासून मी त्याची 'कोमाद्रे', मानलेली बहीणच. चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला, तरी कुठे स्क्रू फिरताना दिसला की त्याला राहवत नाही. दुकानदार म्हणाला होता की वायर सिगारेट पेटवायच्या सॉकेटला लावा. चोन कपाळाला हात लावून म्हणाला, "कोमाद्रे, ही मोटर आहे, मोबाइल नाही. दुसऱ्या फेरीला फ्यूज उडेल." मग आम्ही जाड वायर थेट बॅटरीपासून ओढली, फ्यूज बॅटरीजवळच घातला, आणि धुराच्या नळीपासून लांब ठेवत वायर गाडीखालून मागे नेली. गाडीखाली मी शिरले, कारण चोनचं पोट शिरेना. दांडा हलायचा, त्याला आवळपट्टी घातली. मका उडवणाऱ्या फिरत्या चकतीभोवती पत्रा लावला, म्हणजे मका वाटेवरच पडतो, झुडपात जात नाही. झुडपात पडला तर हरणं आतल्या आत जेवतात आणि पैसे मोजून मचाणावर बसलेले शिकारी नुसती मेस्किटची झाडं बघत राहतात.

आता माझी फजिती सांगते, नाहीतर चोन तुला फोन करून तिखटमीठ लावून सांगेलच. फीडरच्या तोंडाखालची, मका अडवणारी सरकती पट्टी मी उलटी बसवली. बटण बंद करून मी ऐटीत घरी आले आणि मागे मका सांडतच राहिला. गुरं अडवायच्या लोखंडी नळ्यांवरून गाडी खडखडली तिथे तर ढीगच पडला. सकाळी दार उघडते तर अंगणात सात हरणं, आणि पायरीवर रानडुकरांचं कुटुंब माझ्या मिरच्यांची रोपं उपटतंय. चोन कुंपणाशी उभा राहून म्हणतो, "कोमाद्रे, पाहुण्यांना जेवायला बोलावलंस ते ठीक, पण या डुकरांना टॉर्टिया कोण वाढणार?" मी झाडू घेऊन धावले. डुकरांच्या मागे आधी, मग चोनच्या मागे. पट्टी त्याच दिवशी सुलटी केली. कालपर्यंत नऊ फेऱ्या मारल्या, आता एक दाणा सांडत नाही.

तुला आठवतं, तू सात वर्षांची असताना मका कसा टाकायचो? तू स्टिअरिंगवर, बुडाखाली दोन उशा, आणि तुझे पपा हौद्यात उभे राहून पोत्यातून मका सोडायचे. पहिल्या गिअरमध्ये गाडी आपली आपण रांगायची, तुझं काम फक्त चाक सरळ धरायचं. मागून ते ओरडायचे, "इमेल्दा, झाडं आपली आहेत, पण गाडीही आपलीच आहे गं!" तू कॉलेजला गेलीस आणि चाकावर कोणी उरलं नाही. मग मी बसायला लागले. पपा गेल्यावर मी एकटी. तेव्हा इथले सगळे म्हातारे करतात तेच मी केलं. वाट सरळ आहे, गिअर पहिला आहे, गाडी चालू सोडायची आणि मागे हौद्यात चढून मका टाकायचा. चाकावर कोणीच नाही.

जानेवारीत मी फळीवरून घसरले, असं मी हॉस्पिटलमध्ये तुला सांगितलं. ते खोटं होतं. रानडुकराने उकरलेल्या खड्ड्यात चाक गेलं, गाडी वळली आणि झाडावर आदळली, मी पोत्यासकट बाहेर. मनगट मोडलं, आणि चोन येईपर्यंत साडेतीन तास मी वाटेवर पडून होते. गाडीचं इंजिन चालूच होतं. मला भीती वाटली, इमेल्दा. मरायची वाटली, पण त्याहून जास्त याची वाटली की तुला खरं कळलं तर तू मला इथून उचलून नेशील. म्हणून थाप मारली. तुला दोष देत नाही. मुलं जातात, जायलाच हवं. पण तू म्हणतेस, "मम्मी, वय झालं, आता हे झेपत नाही." चूक. मला मका झेपतो, शिकारी झेपतात, त्यांच्यासाठी मक्याच्या पानात तामालेस वाफवणंही झेपतं. एकाच वेळी गाडीत पुढे आणि मागे असणं झेपत नव्हतं, आणि ते तुझ्या पपांनाही झेपलं नसतं. आता मी पुढे बसते, पट्टा लावून, दोन्ही हात चाकावर.

आता हे पान उलटून बघ. पत्र कशावर लिहिलंय ते कळेल. तुझा करारनामा एकाच बाजूला छापलेला होता, आणि एवढा चांगला कागद वाया घालवणं मला जमत नाही. तिसऱ्या पानावर काळा डाग दिसेल, तो ग्रीसचा आहे. शेजारी चोनने वायरचा नकाशा काढलाय. पिवळी चिठ्ठी मी फीडरच्या बटणावर चिकटवली, तिच्यावर "बंद" आणि "चालू" लिहून. सहीची जागा मात्र तशीच कोरी आहे आणि मी आहे तोवर कोरीच राहील. कंपनीला तूच कळव, मी कळवलं तर शब्द वाईट येतील. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी शिकारीचा हंगाम उघडतो. शुक्रवारीच ये. उशा लागणार नाहीत आता, चाक तू धर. बटण मी दाबेन.

तुझीच,
मम्मी